ऊन फुकट नसतं!

सुट्टी संपवून हॉस्टेलवर परतणाऱ्या कुणाचीही बॅग उघडून बघा. वर कपडे, मध्ये दाखवण्यापुरती दोन पुस्तकं, आणि तळाशी पिशवीत पिशवी घालून, रबर बँड मारून ठेवलेला खरा खजिना! बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या, कुरडया, सांडगे, कुणाकडे आंबापोळी, कुणाकडे सुकट (हा डबा मात्र रूम पार्टनरची परवानगी घेऊनच उघडायचा). मेसच्या वरणभाताला चव आणणारा हा सगळा माल एकाच शब्दात बसतो : वाळवण.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. 'वाळवण' हा शब्द मला शाळेच्या पुस्तकात कधी भेटला नाही, तो थेट गच्चीवर भेटला. त्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करा, ते संपादक मंडळ बघून घेईल. पण विषयाकडे दुर्लक्ष करू नका. कारण हा विषय सध्या बऱ्याच घरांत भांडणाचा झालाय, आणि आपण इंजिनिअरिंगवाले त्यात काहीतरी उपयोगाचं बोलू शकतो असं मला मनापासून वाटतं.

विषय असा. बाजारात हल्ली घरगुती 'फूड डिहायड्रेटर' मिळतात. एक पेटी, आत जाळीचे ट्रे, एक छोटा हीटर आणि एक पंखा. भाजी-फळं कापून ठेवायची, गरम हवा फिरते, आठ-दहा तासांत माल वाळतो. मी त्याला आपलं 'वाळवणयंत्र' म्हणते. आमच्या घरी त्यावरून तीन पक्ष पडलेत. आई बँकेत नोकरी करते, तिला यंत्र हवंय. बाबा म्हणतात, "ऊन फुकट आहे, वीज फुकट नाही." आणि आजी म्हणते, "यंत्रातलं वाळवण म्हणजे प्लास्टिकचा मोगरा." मग आईनं मला फोन केला : "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, घेऊ की नको? आणि घेतलं तर कोणतं?"

आता हा खरं तर व्हायवाचाच प्रश्न झाला. पण उत्तर शोधायला लागले तेव्हा लक्षात आलं की यातला निम्मा प्रश्न हीट ट्रान्सफरचा आहे आणि निम्मा घरातल्या माणसांचा. दोन्हींबद्दल लिहिते.

आधी आजीच्या बाजूनं बोलू. कारण उन्हाची ताकद आपल्याला माहीतच नसते. भर दुपारी स्वच्छ आकाश असेल तर एका चौरस मीटरवर साधारण एक हजार वॉट ऊन पडतं. वाळवण कशावर घालतात? जुन्या साडीवर. पाचवारी साडी म्हणजे साधारण साडेपाच मीटर लांब आणि एक मीटरहून थोडी जास्त रुंद. म्हणजे सहा चौरस मीटर. गच्चीवर एक साडी अंथरली की तिच्यावर दुपारी सहा हजार वॉटचं ऊन पडतं! घरगुती यंत्र असतं पाचशे वॉटच्या आसपासचं. म्हणजे आजीची एक जुनी साडी बारा यंत्रांच्या तोडीची. शिवाय एप्रिल-मेची आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत. त्यामुळे वर्षभराच्या कुरडया, पापड, दहा किलो बटाट्याचा कीस हे घरगुती यंत्रात करायला निघालेला माणूस पंधरा दिवस ट्रेच बदलत बसेल. इथे आजी शंभर टक्के बरोबर आहे, आणि यंत्र विकणारा जेव्हा "आता पापड-कुरडया सगळं यातच" म्हणतो तेव्हा तो आपल्याला गंडवतोय.

मग यंत्र कशाला? तर पावसाळ्याला.

ज्यांनी सायक्रोमेट्रिक चार्ट फक्त मार्कांसाठी पाठ केलाय त्यांनी इथे जरा थांबा, कारण तो चार्ट पहिल्यांदाच स्वयंपाकघरात कामाला येतोय! जुलैतली हवा घ्या. तापमान २८ अंश, सापेक्ष आर्द्रता ९० टक्के. या हवेत रुमाल वाळत नाही, मेथी काय वाळणार? आता हीच हवा, तिच्यातलं पाणी तेवढंच ठेवून, ६० अंशांपर्यंत तापवा. तिची आर्द्रता उतरून १७ टक्क्यांच्या आसपास येते. का? कारण ६० अंशांच्या हवेची पाणी धरायची ताकद २८ अंशांच्या हवेच्या पाचपटीहून जास्त असते. हवेतलं पाणी कुठेच गेलेलं नाही, हवेची तहान वाढलीय. वाळवणयंत्राची सगळी जादू एवढीच. हीटर हवेची तहान वाढवतो आणि पंखा पाणी प्यायलेली हवा बाहेर घालवून नवी तहानलेली हवा आणतो. म्हणून भर पावसाळ्यात, खिडकीबाहेर धो-धो कोसळत असताना, पेटीच्या आत मात्र वैशाख असतो.

आणि पदार्थ वाळवायचा कशासाठी? बुरशी आणि जिवाणूंना वापरता येईल असं पाणी संपवायला. शास्त्रज्ञ त्याला 'वॉटर ॲक्टिव्हिटी' म्हणतात. शुद्ध पाण्याची ती १ असते. ०.८५ च्या खाली आली की रोग करणारे जिवाणू वाढायचे थांबतात, पण बुरशी नेटानं तग धरते. ०.६ च्या खाली मात्र कुणाचीच डाळ शिजत नाही. अर्धवट वाळलेला पदार्थ फसवा असतो तो याच कारणानं. हाताला कोरडा लागतो, आत मात्र पार्टी चालू असते. ऊन दिवसा वाळवतं आणि रात्रीची दमट हवा ते पाणी परत देते, असं तीन-चार दिवस चाललं तर बुरशीला वेळच वेळ. यंत्र हे काम एका दमात संपवतं, हा त्याचा खरा फायदा.

आता बाबांच्या बाजूनं. विजेचं काय? इथे एकच आकडा लक्षात ठेवा. ६० अंशांना एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २३६० किलोज्यूल लागतात. विजेच्या भाषेत ०.६५ युनिट. हा निसर्गाचा दर आहे, यात घासाघीस नाही. आता पाच किलो टोमॅटो घ्या. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी. म्हणजे वाळल्यावर हातात येणार जेमतेम एक तृतीयांश किलो, आणि उडवायचं पाणी साडेचार किलोच्या वर. त्याला किमान तीन युनिटं. प्रत्यक्षात बरीचशी गरम हवा पेटीतून तशीच बाहेर पडते, म्हणून दुप्पट-तिप्पट धरा : सहा ते नऊ युनिटं. युनिटला आठ रुपये धरले तर पन्नास ते सत्तर रुपये. टोमॅटो पाच रुपये किलो असताना हे परवडतं, ऐंशी रुपये किलो असताना हा वेडेपणा. उलट मेथीचं बघा. एक किलो निवडलेल्या पानांतून साडेआठशे ग्रॅम पाणी काढायचं. नासाडी धरूनही दीड-पावणेदोन युनिटं, म्हणजे बारा-चौदा रुपये. हातात येते दीडशे ग्रॅमच्या आसपास वाळलेली मेथी. बाजारातल्या कसुरी मेथीच्या पाकिटाची किंमत बघा आणि स्वतःच ठरवा.

याच आकड्यानं दुकानदाराची परीक्षा पण घेता येते. माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं, "पाचशे वॉट, पाच किलो, फक्त चार तासांत!" अहो, पाचशे वॉटचा हीटर चार तासांत देणार दोन युनिटं. पाच किलो टोमॅटोला लागतात किमान तीन. कोरड्या उन्हाळ्यात बाहेरची हवा थोडा हातभार लावते, पण पावसाळ्यात तो आधारही नाही. म्हणजे हा दावा थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात नापास! आईनं हे गणित एका दुकानात करून दाखवलं, तर तो विक्रेता म्हणाला, "मॅडम, तुम्ही सायन्सच्या टीचर का?" आई म्हणाली, "नाही, मुलगी केटी न लागता थर्मो पास झालीय." (माझ्या आयुष्यातला सर्वांत अभिमानाचा क्षण.)

दुसरी परीक्षा जागेची. 'सहा ट्रे', 'दहा ट्रे' असं सांगतात, पण ट्रे मोजू नका, क्षेत्रफळ मोजा. एक फूट बाय एक फुटाचे सहा ट्रे म्हणजे साधारण अर्धा चौरस मीटर. टोमॅटोच्या पाव इंची चकत्या एकावर एक न ठेवता, थोडी फट सोडून मांडल्या तर किलोला पाव चौरस मीटरच्या जवळपास जागा लागते. म्हणजे या यंत्रात खरा माल बसतो दोन-सव्वादोन किलो. पाच किलो कोंबलेत तर ते वाळत नाहीत, शिजतात.

आता पंखा. स्वस्त गोल यंत्रांत पंखा खाली (किंवा वर) असतो आणि ट्रे एकावर एक रचलेले असतात. हवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते, त्यामुळे पंख्याजवळचा ट्रे आधी वाळतो आणि लांबचा रडत बसतो. दर दोन तासांनी ट्रेची अदलाबदल करावी लागते. पेटीसारख्या यंत्रांत पंखा मागच्या बाजूला असतो, प्रत्येक ट्रेवरून आडवी हवा जाते, सगळं जवळपास सारखं वाळतं आणि कांद्याचा वास आंब्याला लागत नाही. जागा आणि पैसे असतील तर हेच बरं. पण एकटीदुकटीला कढीपत्ता-पुदिनाच वाळवायचा असेल तर गोल यंत्रही पुरतं, उगाच मोठं घेऊ नये.

तिसरी गोष्ट, तापमानाचं बटण. नुसतं चालू-बंद असलेलं यंत्र घेऊच नका. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्त्याला ३५ ते ४५ अंश लागतात, नाहीतर सुगंध पंख्याबरोबर उडून जातो. फळं-भाज्यांना ५५ ते ६०. म्हणजे ३५ ते ७० पर्यंत आकडे असलेला थर्मोस्टॅट हवा. आणि आकडा छापलाय म्हणून विश्वास ठेवू नका. एक साधा थर्मामीटर आत ठेवून बघा. आपल्या लॅबमध्ये आपण हेच करतो ना, कॅलिब्रेशन? मग घरी का नाही?

बाकी बारीकसारीक : तीन पिनांची वायर आणि घरात खरं अर्थिंग. आपोआप बंद होणारा टायमर. ट्रे स्टीलचे असतील तर उत्तम, प्लास्टिकचे असतील तर ते खाद्यपदार्थांसाठीचंच आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. पंखा आणि कॉइल आपल्या गावात बदलून मिळते का ते आधी विचारा. आवाज ऐकून घ्या, कारण हे यंत्र रात्रभर घरघरणार आणि वन बीएचकेत झोपायचं कुठे? आणि ज्यांच्याकडे रोज चार-सहा तास भारनियमन आहे त्यांनी दोनदा विचार करावा. मध्येच वीज गेली की ती पेटी म्हणजे बुरशीसाठी कोमट, ओलसर वसतिगृह! (रेक्टर सर, हे आपल्या वसतिगृहाबद्दल नाही.)

ओव्हन चालेल का, असं बऱ्याच जणींनी विचारलं. बरेच घरगुती ओव्हन पुरेसे खाली उतरत नाहीत आणि आतली वाफ बाहेर काढायची सोय नसते, म्हणून ते भाजतात, वाळवत नाहीत. काही एअर फ्रायरमध्ये वाळवायची सोय असते, पण टोपली एवढीशी असते की कढीपत्त्याच्या चार काड्या वाळवून समाधान मानायचं. मायक्रोवेव्ह तर विसराच.

आता वापरायचं कसं ते सांगते, कारण यंत्र घेणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडतात. चकत्या सारख्या जाडीच्या हव्यात, पाव इंचाच्या आसपास. एक जाड एक बारीक केलीत तर बारीक जळेल आणि जाड कुजेल. गाजर, फरसबी, मटार अशा भाज्या आधी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घालून लगेच गार पाण्यात काढाव्यात. त्यानं भाजीतली विकरं म्हणजे एन्झाइम्स थंड पडतात, नाहीतर वाळल्यावरही रंग आणि चव बिघडत राहते. कांदा, टोमॅटो, मिरचीला याची गरज नाही. केळं-सफरचंदाला लिंबाचा रस चोळला की काळं पडत नाही.

आणि घाई करू नका! लवकर व्हावं म्हणून पहिल्यापासून ७५ वर ठेवलंत तर वरची साल कडक होते आणि आतलं पाणी आतच कोंडतं. वरून खडखडीत, आतून ओलं. असला माल बरणीत गेला की आठवड्यात केस उगवतात. भाजी पूर्ण वाळली की कटकन मोडते, फळ चामड्यासारखं वाकतं पण दाबल्यावर पाणी सुटत नाही. हे गार झाल्यावर तपासायचं, गरम असताना सगळंच मऊ लागतं. मग फळं काचेच्या बरणीत थोडी रिकामी जागा ठेवून भरायची आणि आठवडाभर रोज हलवायची. काचेला आतून दव दिसलं तर परत यंत्रात. दिसलं नाही तर झाकण घट्ट लावून अंधाऱ्या कपाटात.

आणखी एक, जे कुठल्याच माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं नसतं. पाच किलो टोमॅटोतलं साडेचार लिटर पाणी जातं कुठे? तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत! पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून यंत्र चालवलंत तर ते स्वतःचीच वाफ परत पीत बसतं. एक्झॉस्ट फॅन लावा. आणि मांस-मासळीचे प्रयोग यंत्र घेतल्या घेतल्या करू नका. मटण-बीफ आधी ७१ अंश आणि चिकन ७४ अंशांपर्यंत आतून तापलं पाहिजे, नुसत्या कोमट हवेनं जिवाणू मरत नाहीत, ते वाट बघत बसतात.

इथपर्यंत हीट ट्रान्सफर झालं. आता माणसांचं.

"ऊन फुकट आहे" हे बाबांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय आणि ते मला आता पटत नाही. ऊन फुकट असेल, पण उन्हात उभं राहणं फुकट नाही. साडेदहाला गच्चीवर वाळवण घालायचं, कबुतरांना हाकलायचं, बाराला उलटायचं, ढग आले की धावत जायचं, संध्याकाळी खाली आणायचं, दुसऱ्या दिवशी परत तेच. हे कुणी करायचं? आमच्याकडे तरी बाबा किंवा काका कधी वाळवण राखताना मी पाहिले नाहीत. ते काम आजीचं, नंतर आईचं, आणि सुट्टीत माझं. मागच्या मे महिन्यात आजीला गच्चीवर ऊन लागलं. चक्कर येऊन ती पाण्याच्या टाकीपाशी बसली ती उठलीच नाही, दोघांनी उचलून खाली आणलं. दोन दिवस सलाईन. आजी आता ७४ वर्षांची आहे. बरी झाल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो "सांडगे आत घेतले का?" हा. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

त्यात अवकाळी पाऊस. पूर्वी मार्च-एप्रिलच्या उन्हावर डोळे झाकून विश्वास ठेवता यायचा असं आजीच सांगते. आता गारपीट कधी येईल सांगता येत नाही. आणि फ्लॅटचं काय? आमच्या सोसायटीनं गच्चीला कुलूप लावलंय. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत दोन तास तिरकं ऊन येतं, त्यात कपडे वाळवायचे की कुरडया? ज्यांच्याकडे गच्चीच नाही त्यांना "ऊन फुकट आहे" सांगणं म्हणजे ज्याच्याकडे नळ नाही त्याला पाणी फुकट आहे सांगण्यासारखं आहे.

पण म्हणून मी यंत्राची आरती ओवाळणार नाही. कारण यंत्र धूत नाही, सोलत नाही, चिरत नाही. चिरण्याचं काम तसंच राहतं, उलट "आता यंत्र आहे ना" म्हणून वाढतं. यंत्र आणल्यावर घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनी हातात सुरी घेतली नाही, तर आईचा गच्चीवरचा त्रास फक्त ओट्यापाशी आला, एवढाच फरक. आणि मग सहा महिन्यांत ते यंत्र माळ्यावर जातं, ज्यूसर आणि सँडविच टोस्टरच्या शेजारी. तुमच्या घरचा माळा आठवून बघा, किती यंत्रं आईच्या नावानं घेतली आणि किती आईनंच एकटीनं वापरून सोडून दिली!

म्हणून माझं मत असं. वर्षाचं मोठं वाळवण उन्हालाच शोभतं, जिथे गच्ची आहे आणि राखायला आळीपाळीनं सगळे आहेत तिथे. पालेभाज्या, कढीपत्ता, पुदिना, आल्याचे काप, स्वस्त झालेले टोमॅटो, पावसाळ्यातली फळं, आंबापोळी हे यंत्राचं काम. पालेभाजीला तर कडक ऊन तसंही मानवत नाही, त्यातलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य उन्हानं उडतं, म्हणून सावलीत किंवा यंत्रातच बरं. आणि प्रत्येक घरानं स्वतंत्र यंत्र घ्यायची काहीच गरज नाही. वर्षातले फार तर चाळीस दिवस ते चालणार. एका जिन्यातल्या चार घरांनी वर्गणी काढून एक चांगलं घ्यावं. आपल्या बायका भिशी इतकी चोख चालवतात, त्यांना एक यंत्र पाळीनं वापरणं जड आहे का? आईला मी हेच कळवलंय. तिनं शेजारच्या दोन काकूंना विचारलंय. बाबांनी "चिरायला मी बसेन" असं लेखी दिलंय (मी मागितलं होतं). आजी म्हणते, "कुरडया मात्र उन्हातच." कबूल! पण ती खुर्चीवर, सावलीत बसून हुकूम देणार आणि गच्चीवर आम्ही जाणार, ही अट.

शेवटचं, आणि हे खास आपल्यासाठी. आमच्या नाशिक जिल्ह्यानं २०२३ साली एक विचित्र पावसाळा बघितला. जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून गेला आणि सप्टेंबरपर्यंत भाव इतका कोसळला की शेतकऱ्यांवर माल फेकायची वेळ आली. लासलगावच्या कांद्याचं तर हे दर काही वर्षांनी ठरलेलंच. घरगुती पेटी यावर उत्तर नाही हे मला कळतं. पण वाळवणं हेच उत्तराचं एक टोक आहे. तासगावच्या बागायतदारांनी द्राक्षाचा बेदाणा करून ते कधीच दाखवून दिलंय. मुंबईच्या आयसीटीत शिकलेल्या मित्रांच्या एका गटानं सौर वाळवणयंत्र बनवलं, त्यातून 'एस फॉर एस टेक्नॉलॉजीज' ही कंपनी उभी राहिली, महिला शेतकऱ्यांना ती यंत्रं मिळाली आणि २०२३ मध्ये या कामाला अर्थशॉट पारितोषिक मिळालं. तीही आपल्यासारखीच पोरं. त्यांनाही सबमिशनं होती, जर्नलं होती.

आणि आपण? दर वर्षी फायनल इयरला तोच तो तयार प्रोजेक्ट विकत आणतो, रंग मारतो आणि मार्क घेतो. आपल्या हॉस्टेलची गच्ची रिकामी आहे. वर्कशॉपमध्ये पत्रा आहे, काच आहे, काळा रंग आहे, जुन्या कॉम्प्युटरचे पंखे धूळ खात पडलेत. हीट ट्रान्सफरच्या सरांना मी विचारलं, ते म्हणाले, "करा, पण रीडिंग्ज रोज घ्यायची." रेक्टर सरांनी गच्चीची किल्ली द्यावी आणि मेसच्या मावशींनी काय वाळवायचं ते सांगावं, एवढीच विनंती. मावशी म्हणाल्या, "आधी आलं आणि कढीपत्ता, पावसाळ्यात तेच महाग होतं." म्हणजे पहिला प्रयोगही ठरला.

चिरायला, वजन करायला आणि रीडिंग्ज घ्यायला सहा जण लागतील. नोटीस बोर्डावर कागद लावलाय. मुलांनो, सुरी मुलींनीच धरायची असते असं सिलॅबसमध्ये कुठे लिहिलेलं नाही. पहिलं नाव माझं आहे, खाली पाच रेघा मोकळ्या आहेत.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी